'भाडं दिलं जाईल', पण देणार कोण? धंद्याच्या इंग्रजीत ॲक्टिव्ह आणि पॅसिव्ह व्हॉइस कसा वापरायचा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण ॲक्टिव्ह आणि पॅसिव्ह व्हॉइस घेतला. व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून इथे सगळं सविस्तर लिहितो आहे. वही-पेन घेऊन बसा. 'व्याकरण' हा शब्द ऐकून पळू नका, कारण आज आपण परीक्षेचं व्याकरण शिकणार नाही. ज्या व्याकरणामुळे खिशातले पैसे जातात किंवा वाचतात, ते शिकणार आहोत.

आधी माझा स्वतःचा किस्सा सांगतो. मी प्रशिक्षण द्यायला लागलो त्याच्या आधीची ही गोष्ट आहे. तेव्हा कुडव्यात माझं पोहे पॅकिंगचं छोटंसं युनिट होतं. कुडवा गोंदियाला लागूनच आहे आणि गोंदिया म्हणजे धानाचा आणि राइस मिलचा मुलूख. त्यामुळे कच्च्या मालाची चिंता नव्हती, चिंता होती ती गिऱ्हाइकाची. एकदा परराज्यातल्या एका व्यापाऱ्याकडून पहिल्यांदाच पूर्ण गाडीची ऑर्डर आली. त्याला मराठी येत नव्हती आणि माझी हिंदी त्याला समजत नव्हती, म्हणून व्यवहार इंग्रजीत झाला. कोटेशन मीच लिहिलं. इंटरनेटवरून चांगली, वजनदार वाक्यं शोधून काढली. त्यातलं एक असं होतं:

"फ्रेट विल बी पेड बिफोर अनलोडिंग."

म्हणजे माल उतरवण्याआधी गाडीचं भाडं दिलं जाईल.

गाडी पोचली. ड्रायव्हरने भाडं मागितलं. व्यापारी म्हणाला, "भाडं पाठवणारा देणार, कागदावर लिहिलंय." मी फोनवर ओरडलो, "भाडं घेणारा देणार, कागदावर लिहिलंय!" गाडी दोन दिवस त्याच्या गोदामासमोर उभी राहिली. शेवटी भाडं मी भरलं, वर दोन दिवसांचं हॉल्टिंगही मीच भरलं. त्या गाडीत मला नफा तर सोडाच, घरचे पैसे घालावे लागले.

रात्री तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. स्पेलिंग बरोबर होतं आणि व्याकरणही शंभर टक्के बरोबर होतं. वाक्यात फक्त एक गोष्ट नव्हती, ती म्हणजे *कोण*. भाडं दिलं जाईल, पण कोणाकडून, ते लिहिलेलंच नव्हतं. त्याने आपल्या सोयीचा अर्थ काढला, मी माझ्या सोयीचा. त्याला मी दोष देत नाही, कारण वाक्य मी लिहिलं होतं.

त्याच दिवशी मला पॅसिव्ह व्हॉइस खऱ्या अर्थाने समजला. तुम्हाला तो एवढी फी न भरता समजावा, म्हणून हा लेख.

पाया: दोन मिनिटांत

शाळेत आपण सगळ्यांनी घोकलंय: "राम किल्ड रावण." मग "चेंज द व्हॉइस" म्हटलं की "रावण वॉज किल्ड बाय राम." मार्क मिळाले, विषय संपला. पण व्हॉइस *का* बदलायचा, हे कोणी सांगितलं नाही.

सोपं करून सांगतो. प्रत्येक कामात दोन बाजू असतात. एक, काम करणारा. दुसरी, ज्याच्यावर काम होतं ती वस्तू. ॲक्टिव्ह व्हॉइसमध्ये वाक्य काम करणाऱ्यापासून सुरू होतं. पॅसिव्हमध्ये ते वस्तूपासून सुरू होतं आणि काम करणारा मागे जातो किंवा पूर्ण गायब होतो.

• ॲक्टिव्ह: "वी पॅक्ड द ऑर्डर." आम्ही ऑर्डर पॅक केली.
• पॅसिव्ह: "द ऑर्डर वॉज पॅक्ड." ऑर्डर पॅक केली गेली.

पॅसिव्हचा साचा एकच आहे: वस्तू + 'बी'चं योग्य रूप + क्रियापदाचं तिसरं रूप. 'बी'ची रूपं म्हणजे ॲम, इज, आर, वॉज, वेअर, बी, बीइंग, बीन. गरज असेल तर शेवटी 'बाय' लावून काम करणाऱ्याचं नाव. बस, एवढंच.

धंद्यात रोज लागणारे काळ हे घ्या, वहीत उतरवा:

• रोजचं काम: "वी पॅक पोहा एव्हरी डे" → "पोहा इज पॅक्ड एव्हरी डे."
• आत्ता चालू असलेलं: "वी आर पॅकिंग युअर ऑर्डर" → "युअर ऑर्डर इज बीइंग पॅक्ड."
• नुकतंच झालेलं: "वी हॅव पॅक्ड युअर ऑर्डर" → "युअर ऑर्डर हॅज बीन पॅक्ड."
• काल झालेलं: "वी पॅक्ड युअर ऑर्डर येस्टरडे" → "युअर ऑर्डर वॉज पॅक्ड येस्टरडे."
• उद्या होणारं: "वी विल पॅक युअर ऑर्डर टुमारो" → "युअर ऑर्डर विल बी पॅक्ड टुमारो."
• नियम किंवा सूचना: "यू मस्ट कीप द बॅग ड्राय" → "द बॅग मस्ट बी केप्ट ड्राय."

या सहा ओळी पाठ झाल्या की नव्वद टक्के व्यवहार निभतो. बाकीचे काळ पुस्तकात राहू द्या.

'बीइंग' आणि 'बीन'चा घोळ

हा गोंधळ प्रत्येक बॅचमध्ये असतो. यावर आपल्या विदर्भाच्या बोलीतच उत्तर आहे. पुण्या-मुंबईकडचे लोक आपल्याला हसतात ना, "काय करून राहिला बे?" म्हणून? हसू द्या. आपली ही बोली इंग्रजी शिकायला फार कामाची आहे.

आपण म्हणतो, "मी पॅकिंग करून राहिलो." हे झालं "आय ॲम पॅकिंग."
आपण म्हणतो, "पॅकिंग होऊन राहिली." हे झालं "इट इज बीइंग पॅक्ड."
आणि "पॅकिंग होऊन गेली." हे झालं "इट हॅज बीन पॅक्ड."

म्हणजे लक्षात ठेवायचं: *बीइंग म्हणजे होऊन राहिलं, बीन म्हणजे होऊन गेलं.* व्यापाऱ्याला मेसेज टाकण्याआधी मनात आपल्या बोलीत वाक्य म्हणून बघा, बरोबर रूप आपोआप सुचेल. माल अजून पॅक होऊन राहिला असताना "हॅज बीन पॅक्ड" लिहिलं, तर तो गाडी पाठवून मोकळा होईल. मग गाडी तुमच्या दारात उभी आणि तुम्ही पिशव्या शिवताय!

मराठी माणूस नेमका कुठे अडकतो?

आता जरा खोलात जाऊ, कारण आपल्या चुकांचं मूळ इथे आहे.

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ मध्ये मराठीचं व्याकरण प्रसिद्ध केलं. नंतर तर्खडकरांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या भाषांतर पाठमालेवर आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने इंग्रजी शिकलं. एक मराठी वाक्य, त्यासमोर एक इंग्रजी वाक्य. पद्धत चांगली होती, पण त्यातून आपल्याला एक सवय लागली: मराठी वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत ओतायची. व्हॉइसच्या बाबतीत ही सवय दोन ठिकाणी फसवते.

पहिली जागा. हे वाक्य बघा: "मी माल पाठवला." आणि हे: "मी ऑर्डर पाठवली." 'मी' तोच आहे, पण क्रियापद बदललं. पाठवला, पाठवली. कारण मराठीत इथे क्रियापद कर्माच्या मागे जातं. आपल्या व्याकरणात याला कर्मणी प्रयोग म्हणतात. शाळेत कोणीतरी सांगून ठेवलेलं असतं की कर्मणी म्हणजे पॅसिव्ह. मग हुशार विद्यार्थी लिहितो, "द गुड्स वॉज सेंट बाय मी." गरज नाही हो! "मी माल पाठवला" याचं साधं इंग्रजी "आय सेंट द गुड्स" हेच आहे. मराठीचा कर्मणी आणि इंग्रजीचा पॅसिव्ह हे सख्खे भाऊ नाहीत, लांबचे नातेवाईक आहेत. इंग्रजी पॅसिव्हच्या जवळ जाणारं मराठी वाक्य म्हणजे "माल पाठवला गेला" किंवा "माल पाठवण्यात आला." तुमच्या मनातल्या वाक्यात 'गेला' किंवा 'आला' असेल, तरच पॅसिव्हचा विचार करा.

दुसरी जागा याहून मोठी. आपण बोलताना कर्ता फार कमी वापरतो. "बिल निघालं." "पैसे आले." "गाडी भरली." "काम झालं." किती छान, छोटी वाक्यं! पण बिल काही आपोआप निघत नाही, कोणीतरी काढतं. मराठीत हे चालतं, कारण ऐकणारा समोर असतो आणि त्याला संदर्भ माहीत असतो. तेच आपण इंग्रजीत नेतो आणि मग अशी वाक्यं तयार होतात:

• "वर्क इज हॅपन्ड." चूक. "द वर्क इज डन" किंवा "वी हॅव फिनिश्ड द वर्क."
• "युअर पार्सल इज रीच्ड." चूक. "युअर पार्सल हॅज रीच्ड यू" किंवा "युअर पार्सल हॅज बीन डिलिव्हर्ड."
• "युअर ऑर्डर विल डिलिव्हर टुमारो." चूक, कारण ऑर्डर स्वतः चालत जाऊन डिलिव्हरी करत नाही! "युअर ऑर्डर विल बी डिलिव्हर्ड टुमारो."
• "पेमेंट इज डन बाय माय साइड." हे रोज व्हॉट्सॲपवर दिसतं. साधं लिहा: "आय हॅव पेड."

यातली एक खूण पक्की करा. हॅपन, रीच, अराइव्ह, कम, गो ही क्रियापदं बघा. 'हॅपन'ला कर्म नसतं, 'अराइव्ह'ला नसतं. काम ज्याच्यावर होतं अशी वस्तूच नाही, तर वस्तूपासून वाक्य सुरू कसं करणार? म्हणून त्यांचा पॅसिव्ह होत नाही. 'रीच'ला कर्म असतं, पण माल पोचला एवढंच सांगायचं असेल तर तिथेही पॅसिव्ह लावायचा नाही. "इज हॅपन्ड", "इज अराइव्ह्ड" असं काही हातून लिहिलं गेलं की लगेच खोडा.

ॲक्टिव्ह कुठे वापरायचा?

माझा नियम सोपा आहे. *वचन, जबाबदारी आणि माफी, या तिन्ही ठिकाणी ॲक्टिव्ह.* वाक्याच्या सुरुवातीला 'आय' किंवा 'वी' आलंच पाहिजे.

वचन. बँकेत कर्जाचा अर्ज करताना आपल्याकडचे लोक लिहितात, "द लोन विल बी रिपेड इन टाइम." मॅनेजर रोज असे डझनभर कागद वाचतो. कोण फेडणार, कशातून फेडणार, काही कळत नाही. याऐवजी लिहा: "आय विल रिपे द लोन फ्रॉम माय मंथली सेल्स." इथे एक माणूस समोर उभा राहतो. प्रकल्प अहवालातही तेच. "मशीन विल बी पर्चेस्ड" पेक्षा "आय हॅव टेकन कोटेशन्स फॉर द मशीन" हे वाक्य जास्त विश्वास देतं, कारण तुम्ही काहीतरी *केलं आहे* हे त्यात दिसतं.

जबाबदारी. करारात, कोटेशनमध्ये, पर्चेस ऑर्डरमध्ये प्रत्येक कामापुढे नाव हवं. माझं ते महागडं वाक्य खरं तर असं हवं होतं: "द बायर विल पे द फ्रेट बिफोर अनलोडिंग." 'द बायर' हे नाव घातलं असतं, तर गाडी दोन दिवस उभी राहिली नसती.

भाडं, हमाली, विमा, पॅकिंगचा खर्च, खराब निघालेला माल परत नेण्याचा खर्च. या पाच गोष्टींत पॅसिव्ह दिसला की सावध व्हा. समोरच्याने पाठवलेल्या कागदावर "इन्शुरन्स विल बी अरेंज्ड" असं दिसलं, तर सही करण्याआधी विचारा: "बाय हूम?" लाज वाटू देऊ नका. हा प्रश्न अडाण्याचा नाही, शहाण्या व्यापाऱ्याचा आहे.

माफी. १९८७ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी इराणला शस्त्रं विकण्याच्या प्रकरणावर बोलताना, चुका झाल्या, अशा अर्थाचं पॅसिव्ह वाक्य वापरलं. चुका झाल्या, पण कोणी केल्या ते वाक्यात नव्हतं. तेव्हापासून इंग्रजीत जबाबदारी टाळणाऱ्या भाषेचं उदाहरण म्हणून हे वाक्य सांगितलं जातं. राष्ट्राध्यक्षाला ते परवडलं असेल, आपल्याला परवडत नाही. आपलं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी शेजारच्या दुकानात जातं.

आपल्या गोंदिया स्टेशनवरची घोषणा ऐका. गाडी उशिरा आहे, हिंदीत सांगतात तेव्हा "हमें खेद है" म्हणतात. 'हमें' आहे, कोणीतरी खेद व्यक्त करतंय. इंग्रजीत मात्र "इनकन्व्हिनियन्स कॉज्ड इज डीपली रिग्रेटेड." खेद व्यक्त केला जातोय, पण करतंय कोण, पत्ता नाही. म्हणून ती घोषणा कानावरून जाते, मनावर उतरत नाही.

तुमच्या गिऱ्हाइकाला चुकून फुटलेली पाकिटं गेली असतील, तर "सम पॅकेट्स वेअर डॅमेज्ड" एवढंच लिहू नका. लिहा: "वी सेंट यू सम डॅमेज्ड पॅकेट्स. वी आर सॉरी. वी विल रिप्लेस देम बाय मंडे." तीन छोटी ॲक्टिव्ह वाक्यं. चूक मान्य, माफी मागितली, तारीख दिली. गिऱ्हाईक टिकतं.

मग पॅसिव्ह वाईट आहे का?

अजिबात नाही! इंटरनेटवर बरेच लोक सांगतात की पॅसिव्ह टाळा, टाळा, टाळा. ते अर्धं खरं आहे. पॅसिव्ह म्हणजे घरातल्या विळ्यासारखा आहे. भाजी त्यानेच चिरायची, फक्त धार कुठे आहे ते माहीत हवं. तीन ठिकाणी पॅसिव्हच शोभतो.

एक, मालाची माहिती देताना. गिऱ्हाइकाला तुमच्यात नाही, पोह्यात रस आहे. मग वाक्याच्या सुरुवातीला पोहेच हवेत. "द पॅडी इज सोक्ड, रोस्टेड अँड फ्लॅटन्ड. द पोहा इज देन सीव्ह्ड अँड पॅक्ड." धान भिजवलं जातं, भाजलं जातं, चपटं केलं जातं, मग पोहे चाळून पॅक केले जातात. इथे प्रत्येक वाक्यात 'वी, वी, वी' केलं तर वाचणारा कंटाळेल. उसना तांदूळ, मोहफुलाचे लाडू, लोणचं, हळद, काहीही विकत असा, कॅटलॉगमध्ये प्रक्रिया पॅसिव्हमध्येच लिहा.

दोन, करणारा कोण ते सगळ्यांना माहीत असतं किंवा त्याने फरक पडत नाही तेव्हा. "द शॉप इज क्लोज्ड ऑन ट्युज्डेज." "ऑर्डर्स आर टेकन ऑन फोन." दुकानाबाहेरची "हेल्पर वॉन्टेड" ही पाटीही पॅसिव्हचंच छोटं रूप आहे, 'हेल्पर पाहिजे.'

तीन, समोरच्याची चूक सांगायची आहे पण नातं तोडायचं नाही तेव्हा. ही सगळ्यात कामाची जागा, म्हणून तिला वेगळा मथळा देतो.

उधारी वसुलीची तीन पत्रं

उधारी हा छोट्या धंद्याचा सगळ्यात मोठा आजार आहे. बरेच धंदे तोट्याने नाही, अडकलेल्या पैशाने बंद पडतात. आणि पैसे मागायची आपल्याला लाज वाटते. एक तर आपण मागतच नाही, नाही तर एकदम भांडतो. व्हॉइस इथे पायरीसारखा वापरा.

पहिलं पत्र, पैसे थकले की लगेच. पॅसिव्ह, बोट न दाखवता:
"अवर बिल डेटेड फर्स्ट जून हॅज नॉट बीन पेड येट. किंडली चेक."
बिल अजून भरलं गेलेलं नाही, कृपया बघून घ्या. इथे "यू हॅव नॉट पेड" म्हटलं असतं तर थेट छातीवर बोट ठेवल्यासारखं झालं असतं. कदाचित त्याच्या मुनीमाकडून राहून गेलं असेल. त्याला मान राखून पैसे द्यायची वाट मोकळी ठेवा.

दुसरं पत्र, उत्तर आलं नाही तर. आता ॲक्टिव्ह, पण विनंतीचा:
"वी हॅव नॉट रिसीव्ह्ड युअर पेमेंट. प्लीज पे बाय फिफ्टीन्थ जुलै."
आता वाक्यात 'आम्ही' आलो आणि तारीखही आली.

तिसरं पत्र, तरीही हालचाल नसेल तर. पूर्ण ॲक्टिव्ह:
"यू हॅव नॉट पेड अवर बिल. इफ यू डू नॉट पे बाय थर्टी-फर्स्ट जुलै, वी विल फाइल अ केस."

आणि ही धमकी पोकळ नाही, हे लक्षात घ्या. २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा आहे. त्याच्या कलम १५ प्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला की, करारात काहीही लिहिलं असलं तरी, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे पैसे लांबवता येत नाहीत. लांबवले तर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज द्यावं लागतं. तक्रार ऑनलाइन करता येते. त्यासाठी उद्यम नोंदणी लागते. नोंदणी मोफत आहे आणि माल देण्याच्या *आधी* केलेली बरी. केली नसेल तर आजच करा.

गंमत बघा. कायद्याच्या त्या कलमात 'पैसे दिले जातील' अशी गोलमाल भाषा नाही. खरेदीदाराने पैसे द्यायचे, असं कर्त्याचं नाव घेऊन लिहिलेलं आहे. पैशाची गोष्ट आली की कायदासुद्धा ॲक्टिव्हमध्ये बोलतो!

बिलावरची ती प्रसिद्ध ओळ

तुमच्या बिलबुकावर खाली काय छापलंय, जरा बघा. बहुतेक हेच असेल: "गुड्स वन्स सोल्ड विल नॉट बी टेकन बॅक." विकलेला माल परत घेतला जाणार नाही. छापखानेवाला न विचारताच छापून देतो.

हे पक्कं पॅसिव्ह वाक्य आहे, आणि त्यामागे दुकानदार छान लपतो. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, आणि लिहिली नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे द्यावे लागतात. म्हणजे ती ओळ तुम्हाला वाचवत नाही, उलट अडचणीत आणू शकते.

मी माझ्या बिलावर ती काढून दुसरी ओळ छापली: "वी रिप्लेस डॅमेज्ड पॅकेट्स विदिन थर्टी डेज. प्लीज ब्रिंग द बिल." पॅसिव्हची भिंत पाडली आणि ॲक्टिव्हचं दार लावलं. परत आलेली पाकिटं मोजकीच होती, पण परत आलेली गिऱ्हाइकं बरीच होती.

पाकिटावरचं 'बाय'

शेवटचा मुद्दा लेबलचा. बचत गटाच्या ताईंनी हा नीट वाचावा. पाकिटावर "मॅन्युफॅक्चर्ड बाय", "पॅक्ड बाय", "मार्केटेड बाय" असं लिहिलेलं असतं. हे तिन्ही पॅसिव्हचेच तुकडे आहेत, पुढचा 'इज' गाळलेला. इथे 'बाय'च्या पुढचं नाव म्हणजे जबाबदारीचा पत्ता.

तुम्ही हळद स्वतः दळून पॅक करत असाल तर "मॅन्युफॅक्चर्ड बाय" खाली तुमचं नाव. पण तांदूळ मिलमधून तयार आणून फक्त एक-एक किलोचं पॅकिंग तुम्ही करत असाल, तर तुम्ही "पॅक्ड बाय" आहात, उत्पादक वेगळा आहे. दुसऱ्याने बनवून, पॅक करून दिलेला माल तुम्ही तुमच्या ब्रँडने विकत असाल तर "मार्केटेड बाय." अन्न सुरक्षेच्या आणि वजन-मापाच्या नियमांप्रमाणे ही नावं पूर्ण पत्त्यासह खरी हवीत. सोबत १४ अंकी अन्न परवाना किंवा नोंदणी क्रमांकही हवा. छान दिसतं म्हणून सगळीकडे "मॅन्युफॅक्चर्ड बाय" छापलं, तर दुसऱ्याच्या चुकीचं उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. एका छोट्या 'बाय'ची ही किंमत.

पाठवण्याआधी एकच प्रश्न

सगळं विसरलात तरी चालेल, ही एक सवय लावून घ्या. इंग्रजीत काहीही लिहून झालं की प्रत्येक वाक्याला विचारा: *कोण?*

उत्तर वाक्यातच मिळालं, तर वाक्य ठीक. उत्तर नाही मिळालं, पण त्याने कोणाच्या खिशाला फरक पडत नाही, तरीही ठीक, पॅसिव्ह राहू द्या. पण उत्तर मिळत नाही *आणि* त्यात पैसा, तारीख किंवा दोष गुंतलेला आहे, तर थांबा. वाक्य मोडा. नाव घालून ॲक्टिव्हमध्ये पुन्हा लिहा. मोबाइल हल्ली इंग्रजी दुरुस्त करून देतो, पण भाडं कोण देणार हे मोबाइलला माहीत नसतं. ते तुम्हालाच ठरवायचं आहे.

गृहपाठ

ही चार वाक्यं वहीत लिहा. दोनमध्ये धोका आहे, दोन निर्धोक आहेत. कोणती ते ओळखा आणि धोक्याची वाक्यं सुधारा.

१. "द बॅग्ज आर स्टिच्ड बाय मशीन."
२. "डॅमेज्ड गुड्स विल बी रिप्लेस्ड ॲट नो एक्स्ट्रा कॉस्ट."
३. "अवर पोहा इज मेड फ्रॉम लोकल पॅडी."
४. "लोडिंग चार्जेस विल बी पेड सेपरेटली."

उत्तर इथेच देतो, पण आधी स्वतः करा. पहिलं आणि तिसरं मालाची माहिती आहे, पॅसिव्ह बरोबर. दुसऱ्यात बदलून कोण देणार आणि किती दिवसांत, हे नाही. "वी विल रिप्लेस डॅमेज्ड गुड्स विदिन सेवन डेज, ॲट अवर कॉस्ट" असं करा. चौथं तर माझ्याच जुन्या कोटेशनचा भाऊ आहे. हमाली कोण देणार? "द बायर विल पे द लोडिंग चार्जेस" किंवा "वी विल पे", जे ठरलं असेल ते नाव घेऊन लिहा.

आणि हो, आपल्या भागात घरात कोणी पोवारी बोलतं, कोणी झाडीबोली, कोणी हिंदी, कोणी छत्तीसगढी. त्यामुळे "आम्हाला इंग्रजी जमणार नाही" असं म्हणणारे खूप भेटतात. अहो, जो माणूस सकाळी घरात एक भाषा, बाजारात दुसरी आणि बालाघाटच्या व्यापाऱ्याशी तिसरी बोलतो, त्याला चौथी भाषा जड नाही. तुमचं इंग्रजी भारी नसलं तरी चालेल. त्यात *कोण* स्पष्ट असू द्या.

आता उठा, तुमचं शेवटचं कोटेशन काढा आणि लाल पेनने प्रत्येक "विल बी" खाली रेघ मारा. जिथे पैसा आहे आणि नाव नाही, तिथे आज नाव घाला. मला हे शिकायला एक गाडी लागली, तुमचं एका पेनात भागेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा सांभाळा, तब्येत सांभाळा!